दिलेले मागे घेता येते का?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत महालातल्या आमच्या घरी एक गृहस्थ आले होते. मालमत्तेच्या नियोजनाचा सल्ला देणे हा त्यांचा व्यवसाय. अब्बांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली आहेत. घर मोठे, जुने आणि गल्लीत असले तरी जागा मोक्याची. आपल्यामागे भावाभावांत खटले होऊ नयेत ही त्यांची काळजी. त्या गृहस्थांनी उपाय सांगितला, 'रिव्होकेबल ट्रस्ट' करा, म्हणजे रद्द करता येणारा ट्रस्ट. घर ट्रस्टच्या नावे करायचे, हयात असेपर्यंत ट्रस्टी तुम्हीच, उत्पन्न तुम्हीच घ्यायचे, मनात आले तर कागद फाडून टाकायचा आणि डोळे मिटले की घर ठरवल्याप्रमाणे मुलांकडे. कोर्ट नाही, कटकट नाही, शिवाय करातही फायदा. दस्ताचे शुल्क एकदा आणि हिशेब ठेवण्याचे दरवर्षी.

अब्बांनी कपाटातून घराचे कागद काढले. त्यांत एक जुना उर्दू कागद होता, शिकस्ता वळणात लिहिलेला. त्या गृहस्थांना तो वाचता येईना. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून कागद आमच्या हाती आला. तो आमच्या परदादांनी १९२६ साली केलेला वक्फनामा होता. घर 'वक्फ अलल-औलाद' केले होते, म्हणजे संततीसाठी वक्फ. पिढ्यान्‌पिढ्या औलादीने राहावे, मशिदीच्या दिव्याच्या तेलासाठी दरसाल ठरावीक रक्कम द्यावी, आणि वंश खुंटला तर सारे उत्पन्न गरिबांना जावे. औलाद या शब्दापुढे एक छोटा शब्द होता: नरीना. म्हणजे पुरुष संतती.

शेजारच्या खोलीत आमची फूफी भाजी निवडत बसली होती. तीस वर्षांपूर्वी ती सासरहून परत आली, तेव्हापासून त्याच खोलीत राहते. आम्ही तो शब्द मोठ्याने वाचला नाही.

वक्फनामा असेल तर घर अब्बांचे नाही. ते मुतवल्ली आहेत, मालक नाहीत. आणि ज्याचे आपण मालक नाही ते ट्रस्टमध्ये घालता येत नाही. सल्लागार चहा पिऊन निघून गेले. पण त्यांनी टाकलेला प्रश्न घरात राहिला. एकदा दिलेले मागे घेता येते का, आणि मागे घेता येत असेल तर ते दिले असे म्हणावे का? हा प्रश्न बाराशे वर्षांहून जुना आहे. सुट्टीचे उरलेले दिवस आम्ही त्याच्या मागे लागलो.

तसे पाहिले तर महाल या वस्तीचा इतिहासच वारसाहक्काच्या भांडणाचा इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद शाह इस्लाम स्वीकारलेला. त्याच्यामागून आलेला चांद सुलतान १७३९ मध्ये वारला आणि वली शाहने गादी बळकावली. चांद सुलतानाची विधवा राणी रतनकुंवर हिने अकबर शाह आणि बुऱ्हाण शाह या आपल्या मुलांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना बोलावले. रघुजींनी वली शाहला दूर केले, मुलांना गादी दिली आणि मदतीचा मोबदला घेऊन ते परतले. पण पुढे दोघे भाऊच भांडले. १७४३ मध्ये रघुजी पुन्हा आले ते कायमचे. अकबर शाह हद्दपार झाला. बुऱ्हाण शाहकडे राजा ही पदवी आणि तनखा उरला. राज्य भोसल्यांचे झाले आणि त्यांच्या वाड्यांभोवती हा महाल वाढला.

पुढची पाळी भोसल्यांवर आली. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. दत्तक नामंजूर करून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. जडजवाहीर कलकत्त्याच्या लिलावात गेले आणि आलेल्या पैशांतून राजकुटुंबासाठी 'भोसला फंड' उभा केला गेला. म्हणजे ज्याचे घेतले त्यालाच विश्वस्त बनून थोडे थोडे परत द्यायचे. इंग्रजांच्या न्यायबुद्धीचे आम्हाला या ठिकाणी नेहमी कौतुक वाटते.

अशा गावात मध्यम ऐपतीच्या माणसालाही आपल्यामागे काय होईल याची धास्ती वाटली तर नवल नाही. आमच्या परदादांना ती वाटली असावी. सावकार दारात होता, जमिनीचे तुकडे होत होते, आणि शरीयतच्या वाटणीने प्रत्येक पिढीत घराला आणखी दोनचार भिंती पडणार होत्या. त्यावर त्यांच्या पिढीला सापडलेला तोडगा वक्फ अलल-औलाद हा होता.

वक्फाची गोष्ट हजरत उमर यांच्या खैबरच्या जमिनीपासून सुरू होते. तिचे काय करावे असे त्यांनी विचारले, तेव्हा मूळ जमीन रोखून ठेव आणि तिचे फळ दान कर असा सल्ला प्रेषितांनी दिल्याचे हदीसमध्ये येते. ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारशात वाटायची नाही. उत्पन्न गरिबांना, नातलगांना, गुलामांच्या मुक्तीसाठी, प्रवाशांना, पाहुण्यांना. जो देखरेख करील त्याने त्यातून रीतीप्रमाणे खावे, पण साठवू नये. विश्वस्ताच्या मेहनतान्याचा नियम पहिल्याच वक्फात सापडतो. या जमिनीची देखरेख हजरत उमर यांच्यानंतर कोणाकडे गेली? त्यांच्या मुलीकडे, हजरत हफ्सा यांच्याकडे. शाळेत वक्फ शिकवताना हे आम्हालाही कोणी शिकवले नव्हते.

दुसरे उदाहरण हजरत जुबैर यांचे. त्यांनी आपली घरे सदका केली आणि त्यांत अट घातली की जी मुलगी सासरहून परत येईल तिने तिथे राहावे, ना कोणाला त्रास द्यावा ना तिला कोणी द्यावा. नवऱ्याच्या घरी तिची सोय झाली की हा हक्क संपेल. हे वाचले तेव्हा आम्हाला शेजारची खोली आठवली.

मग प्रश्न आला तो फकिहांपुढे. इमाम अबू हनीफा हे कूफ्याचे, इसवी सन ७६७ मध्ये वारले. त्यांच्या मते वक्फ हे वापरायला दिलेल्या वस्तूसारखे आहे, उसनवार दिलेल्या भांड्यासारखे. मालकी देणाऱ्याचीच राहते. तो ते मागे घेऊ शकतो, आणि मेल्यावर ते वारसांकडे जाते. काझीने निवाडा दिला किंवा मृत्युपत्राने वक्फ केले तरच ते बंधनकारक. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर रद्द करता येणारा ट्रस्ट! त्यांचे दोन्ही मोठे शिष्य, अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, यांनी गुरूशी असहमती दाखवली. मुहम्मद यांच्या मते मुतवल्लीच्या ताब्यात दिले की वक्फ पुरे झाले. अबू यूसुफांच्या मते नुसते बोलले तरी पुरे. एकदा झाले की मालकी अल्लाहकडे गेली, परतीचा रस्ता बंद. अबू यूसुफ आधी गुरूच्याच मताचे होते, पण हजला गेल्यावर मदिनेतील सहाबांचे वक्फ पाहून त्यांचे मत बदलले अशी परंपरा आहे. पुढे ते हारून अल-रशीदचे प्रमुख काझी झाले. हनफी फतवा शिष्यांच्या मतावर ठरला. एका बाबतीत मात्र अबू यूसुफ उदार होते. वक्फ करणाऱ्याने हयातभर उत्पन्न स्वतःसाठी राखले तरी चालेल असे ते म्हणाले. त्यामुळे मालकी जाते आणि भाकरी राहते.

हा सारा वाद इंग्रजांच्या न्यायालयात आला तेव्हा त्याला वेगळेच वळण लागले. मुंबई उच्च न्यायालयाने १८७३ मध्ये कुटुंबासाठीचा वक्फ नाकारला होता. पण १८८१ मध्ये फातमाबीबी विरुद्ध ॲडव्होकेट जनरल या खटल्यात न्यायमूर्ती वेस्ट यांनी म्हटले की शेवटी दान कायमच्या धर्मकार्याकडे जाणार असेल, तर मध्ये मुलेबाळे आली म्हणून वक्फ बाद होत नाही. पुढे १८९४ मध्ये बंगालचा अबुल फता मुहम्मद इस्हाक यांचा खटला लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. लॉर्ड हॉबहाउस यांनी निकाल दिला की ज्या वक्फात गरिबांची पाळी वंश खुंटल्यावर येते, तिथे गरिबांचे नाव केवळ दिखाव्यापुरते असते. असा वक्फ रद्द. साहेबांना आपल्याकडच्या इंग्रज घराण्यांची मालमत्ता कायमची बांधून ठेवण्याविरुद्धचा नियम आठवला असावा. मुसलमानांना मात्र आप्तांना देणे हाही सदकाच, हे आपले तत्त्व डावलले गेल्यासारखे वाटले.

हिंदुस्थानभर खळबळ झाली. अमीर अलींनी अशा वक्फाची बाजू न्यायासनावरूनही मांडली होती. मौलाना शिबली नोमानी यांनी मोहीम चालवली. १९११ मध्ये मुंबईचे तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले आणि १९१३ मध्ये मुसलमान वक्फ वैधता कायदा झाला. कुटुंब, मुले, वंशज यांच्यासाठी वक्फ वैध. फक्त अंतिम लाभ गरिबांना किंवा कायमच्या धर्मकार्याला हवा. हनफी वाकिफाला स्वतःचा निर्वाह आणि कर्जफेडही त्यातून राखता आली. हा कायदा मागच्या वक्फांना लागू नाही असे प्रिव्ही कौन्सिलने १९२२ मध्ये म्हटले, तेव्हा १९३० मध्ये दुसरा कायदा करून तोही अडथळा काढला.

शाळेच्या पुस्तकात हे विजयाचे प्रकरण म्हणून येते, आणि मर्यादित अर्थाने ते आहेही. पण कायद्यात 'मुले किंवा वंशज' असे शब्द होते. कोणती मुले हे वाकिफाने ठरवायचे. कुराणने मुलीला मुलाच्या निम्मा का होईना, ठरलेला हिस्सा दिला. तो कोणाच्या मर्जीवर ठेवला नाही. मृत्युपत्रावरही फिकहने कुंपण घातले, एक तृतीयांशाच्या वर नाही आणि वारसाला इतर वारसांच्या संमतीशिवाय नाही. हे कुंपण जिवंतपणी ओलांडायची एक फट वक्फ अलल-औलादने उघडली. 'नरीना' हा एक शब्द पुरला. जिना, शिबली, अमीर अली यांच्या वादात प्रिव्ही कौन्सिल होते, सावकार होता, समाजाची अब्रू होती. मुली कुठे होत्या ते आम्ही शोधले, सापडल्या नाहीत. गरिबांची पाळी शंभर वर्षांनी येणार म्हणून हॉबहाउस रागावले. मुलींची पाळी कधीच येणार नव्हती, त्याबद्दल कोणी रागावले नाही.

हिशेबाचीही तीच कथा. १९२३ च्या मुसलमान वक्फ कायद्याने मुतवल्लीला जिल्हा न्यायालयात हिशेब देणे भाग पाडले, पण ज्या वक्फाचा लाभ कुटुंब घेत आहे तो या कायद्यातून वगळला. त्यामुळे घरातला हिशेब घरातल्या थोरल्या पुरुषाच्या मनात राहिला. १९९५ च्या कायद्यातही कौटुंबिक वक्फाचा तेवढाच भाग वक्फ धरला गेला जेवढा धर्मादायासाठी आहे. बोर्डाला द्यायची वर्गणी निव्वळ उत्पन्नाच्या जास्तीत जास्त सात टक्के होती, ती २०२५ च्या दुरुस्तीत पाच टक्क्यांवर आली. आमच्या घराच्या बाबतीत हा सारा हिशेब मशिदीच्या तेलाचा. तेल कधीच बंद झाले, आता विजेचे बिल भरतो.

अरब देशांनी या गाठीपुढे वेगळा मार्ग धरला. सीरियाने १९४९ मध्ये आणि इजिप्तने १९५२ मध्ये कौटुंबिक वक्फ बंदच केला. पिढ्या वाढत गेल्या, एकेका इमारतीचे शेकडो हिस्सेदार झाले, दुरुस्ती करायला कोणी नाही आणि विकायला परवानगी नाही. जे कायमचे दिले ते कायमचे पडीक राहिले. अबू हनीफांनी परतीचा रस्ता उघडा का ठेवला होता याचा अर्थ इथे थोडा कळतो.

आता त्या सल्लागारांच्या ट्रस्टकडे येऊ. तो आला अमेरिकेतून. तिथे माणूस मेला की मृत्युपत्र न्यायालयातून सिद्ध करून घ्यावे लागते; त्यात महिने जातात आणि वकिलांची फी जाते. १९६५ मध्ये नॉर्मन डेसी नावाच्या माणसाने ते टाळण्याच्या उपायांवर पुस्तक लिहिले आणि रद्द करता येणारा ट्रस्ट तिथे घरोघरी पोहोचला. पण आपल्याकडे? १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने मुसलमानाच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे कधी केलेच नाही. मुसलमानाचे मृत्युपत्र लेखी असावे अशीही सक्ती नाही. जो रोग आम्हाला नाही त्याचे औषध आम्ही विकत का घ्यावे?

राहिला कर. १८८२ च्या भारतीय ट्रस्ट कायद्याचे कलम ७८ सांगते की दस्तात रद्द करण्याचा अधिकार स्पष्ट राखला असेल तर ट्रस्ट रद्द करता येतो. ठीक. पण १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम ६१ म्हणत आले की मागे घेता येणाऱ्या हस्तांतरातून आलेले उत्पन्न देणाऱ्याचेच धरायचे, कर त्यानेच भरायचा. उत्पन्नाचा किंवा मालमत्तेचा एखादा भाग आडमार्गाने परत येण्याची तरतूद असली तरी कलम ६३ तिला रद्द करता येणारीच समजते. २०२५ च्या नव्या कायद्यातही हे तत्त्व पुढे आले आहे. म्हणजे प्राप्तिकर अधिकारी आणि इमाम अबू हनीफा यांचे एकमत आहे: जोवर परत घेता येते तोवर ते तुमचेच. करात फायदा नाही. मृत्युकर वाचतो म्हणावे तर तो करच नाही. १९५३ मध्ये आला, वरच्या टप्प्यावर ८५ टक्क्यांपर्यंत चढला आणि १९८५ मध्ये गेला. ट्रस्ट पक्का करून ट्रस्टीच्या मर्जीने वाटप ठेवले तर उलट सर्वांत वरच्या दराने कर बसू शकतो.

खर्चाचेही पाहावे. स्थावराचा ट्रस्ट लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर पती-पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीसपत्राने दिले तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये; ही सवलत नात्याला आहे, ट्रस्टला नाही. मुसलमानाचा हिबा तर तोंडी असला, घेणाऱ्याने स्वीकारला आणि ताबा दिला तरी पुरा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हफीजा बीबी खटल्यात ते पुन्हा सांगितले. ट्रस्टीला दस्तात लिहिल्याशिवाय मेहनताना मिळत नाही. मुतवल्लीला मात्र वाकिफाने ठरवला नसेल तर न्यायालय उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत ठरवून देऊ शकते.

याचा अर्थ असा ट्रस्ट कोणालाच उपयोगाचा नाही असे नाही. मतिमंद मूल असेल, मुले परदेशी असतील, म्हातारपणी स्वतःची बुद्धी चालेनाशी होण्याची भीती असेल, तर जिवंतपणीच दुसऱ्याच्या हाती व्यवस्था सोपवण्याचा तो चांगला मार्ग आहे. मुसलमानाने ट्रस्ट करूच नये असेही नाही. मुसलमानाने केलेला प्रत्येक ट्रस्ट वक्फ नव्हे हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र वक्फ मंडळाच्याच खटल्यात स्पष्ट केले. पण एक सावधगिरी हवी. मरेपर्यंत सारे आपल्या हाती ठेवून मेल्यावर वाटप होणार असेल, तर शरीयतच्या नजरेत ते नाव बदललेले मृत्युपत्र आहे. तिथे एक तृतीयांशाचे कुंपण उभे राहते. 'नरीना' शब्द इंग्रजी दस्तात लिहिला म्हणून तो शुद्ध होत नाही.

२०२५ च्या वक्फ दुरुस्तीबद्दल आमच्या स्टाफरूममध्ये महिनाभर कडाक्याचे वाद झाले. त्या कायद्यातल्या बऱ्याच गोष्टी आम्हाला मान्य नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने काही कलमांना स्थगितीही दिली. पण एक पोटकलम म्हणते की वक्फ अलल-औलाद केल्याने वारसांचे, स्त्री वारसांसह, हक्क डावलले जाणार नाहीत. हे वाक्य सरकारने लिहिण्याआधी आमच्या उलेमांनी, आमच्या वकिलांनी, आमच्या संमेलनांनी लिहायला हवे होते. ते आम्ही लिहिले नाही हे खटकते. आणि ते लिहिले गेले तरी १९२६ साली करून झालेल्या कागदातून फूफीच्या हाती काही आले नाही.

सुट्टी संपता संपता आम्ही तो वक्फनामा अब्बांना पुरता वाचून दाखवला, नरीना या शब्दासकट. ते बराच वेळ बोलले नाहीत. घर त्यांच्या हातात नव्हते. पण निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला उमरेड रस्त्यावरचा एक प्लॉट आणि बँकेतली ठेव त्यांची स्वतःची होती. फूफी ही त्यांची बहीण; मुलगे हयात असल्याने ती वारस ठरत नाही, म्हणून तिला मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंत देता येते. वारस नसणे इथे तिच्या कामी आले. आम्हीच उर्दूत मसुदा लिहिला, शाळेतले दोन सहकारी साक्षीला बसले, आणि तिच्या खोलीबद्दल मुतवल्ली म्हणून अब्बांनी वेगळा कागद लिहिला: तिने हयातभर तिथे राहावे, ना तिने त्रास द्यावा ना कोणी तिला.

फूफीने चष्मा लावून दोन्ही कागद वाचले. मग विचारले, "भाई, हे परत घेता येते का?"

"मरेपर्यंत घेता येते," अब्बा म्हणाले.

"मग तुझी भाजी आळणीच करते, तुझ्या ब्लडप्रेशरला बरी," असे म्हणून तिने कागद घडी केले आणि आपल्या पेटीत ठेवले.